आठवी किल्ली

जळगाव, ३ जुलै

चि. अखिल यास जय जिनेंद्र.

तू मला ब्लॉक केलंस, चुलतभाऊ असून संयमला केलंस, दुकानाच्या नंबरलाही केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. धुळ्याला देवपूरमध्ये तू खोली घेतल्याचं काकीच्या भावाकडून, गिरधरकडून कळलं. खोली वरच्या मजल्यावर आहे, पाणी चढत नाही आणि तू मेसचं जेवतोस, हेही कळलं. मी चौकशी केली नव्हती. तोच सांगत बसला.

आता मुद्द्याचं. जाताना तू चिठ्ठी ठेवलीस, "तापीची आठवी किल्ली जोवर आहे तोवर मी घरी येणार नाही." अरे बाबा, घर वेगळं आणि तापी वेगळी. दुकानातलं भांडण जेवणाच्या ताटावर आणायचं नाही, ही आपल्या घराची रीत आहे. त्या दिवशी जेवताना विषय मी काढला हे खरं, पण तू गप्प बसायला हवं होतंस.

तापी तू काढलीस हे मी कधी नाकारलेलं नाही. पण मार्केट यार्डातल्या सभेत लोकांना समजावलं कोणी? मी. "व्यापारी, केळीवाले, कापूसवाले, सगळ्यांनी एकमेकांना मोबाइलवरून पैसे द्यायचे. रुपया भरा, क्रिप्टोचं टोकन घ्या. मध्ये बँक नाही, कोणी मालक नाही. सात जणांकडे सात किल्ल्या. कोणाचं खातं थांबवायचं किंवा नियम बदलायचा, तर सातांपैकी पाच जण हो म्हणाले तरच." टाळ्या मला पडल्या. भाषण तू लिहून दिलं होतंस, पण वाचलं मी.

राहिली आठवी. सुरुवातीला काही बिघडलं तर दुरुस्तीला म्हणून तूच ती केलीस आणि तिचे बारा इंग्रजी शब्द कागदावर लिहून माझ्याकडे दिलेस, स्वतःकडे नक्कलही ठेवली नाहीस. तिला कोणाचं हो लागत नाही, ती एकटीच सगळं करते. तीन महिन्यांनी कागद फाडायचा असं ठरलं होतं. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

आणि वापरली तरी किती? एकदा. चोपड्याकडच्या पितांबरने मला कबूल केलेली केळी रावेरच्या व्यापाऱ्याला दिली. माणसाला राग येतो. मी त्याचं खातं थांबवलं आणि दोन दिवसांत सोडलंही. पाच जणांना विचारत बसलो असतो तर तोपर्यंत माझा राग गेला असता.

एवढ्यावरून तू सगळ्यांदेखत म्हणालास, "काका, ही तापी नाही, ही तुमच्या गच्चीवरची टाकी आहे. नळ तुमच्या हातात." मोठ्या माणसाशी असं बोलतात का? सातांत पितांबरही एक किल्लीवाला आहे, हे मला माहीत आहे. त्याचं खातं थांबवताना त्याला कसं विचारणार होतो?

तुझे वडील गेल्यापासून मी तुला कधी पुतण्या म्हणून वेगळं वागवलेलं नाही. ये घरी.

तुझा काका,
प्रेमचंद

ता. क. – पत्र लिहून ते माझ्याकडे देतात. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायचं काम माझं, तेव्हा खाली जागा उरली की मी लिहिणार. चौकशी त्यांनीच केली. गिरधरला सकाळ-संध्याकाळ फोन असतो, "तो काय जेवला" म्हणून. वेगळ्या पार्सलने शेव पाठवते आहे, स्टीलच्या डब्यात. डबा परत करायची घाई नाही. – काकी कुसुमलता


जळगाव, १९ जुलै

चि. अखिल,

तुझं कार्ड मिळालं. पूर्ण कार्डावर तीन शब्द, "किल्ली गेली का?" पोस्टाचे पैसे तरी वसूल करायचे होतेस.

गेली. रविवारी मी संयम आणि आपल्या दुकानातला लीलाधर, दोघांना समोर बसवलं, तिजोरीतून तुझा तो कागद काढला आणि फाडला. तुकडे पाण्यात टाकले, पाणी तुळशीला घातलं. लीलाधरच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला, शेठ, एवढा त्याग आजकाल कोण करतो. संयमने व्हिडिओ काढला. तू ब्लॉक केलंस म्हणून पाठवता येत नाही, नाहीतर पाहिलं असतंस मी किती शांतपणे फाडला ते.

तेव्हा तुझी अट पूर्ण झाली. तुझी खोली झाडून ठेवली आहे. जुन्या कुलरचा आवाज तुला आवडत नव्हता, तो काढून संयमच्या खोलीत लावला. संयमचं काही म्हणणं नाही. त्याचं म्हणणं मी विचारलेलं नाही.

पितांबरचा माझ्यावर राग आहे असं ऐकतो. राग धरायचं कारण नाही. उलट त्याचं खातं सोडलं तेव्हा मी त्याला फोन करून सांगितलं, जा, सोडलं. त्याने साधे आभार मानले नाहीत.

येताना धुळ्याहून काही आणू नकोस. नुसता ये.

प्रेमचंद

ता. क. – कागद फाडला हे खरं. तूच सगळ्या किल्लीवाल्यांना सांगितलं होतंस, कागद जळतो, भिजतो, तेव्हा शब्द स्टीलवर कोरून ठेवा. बाकीच्यांनी पट्ट्या कोरून घेतल्या. तुझ्या काकांना वाटलं, नुसत्या पट्टीत पैसे कशाला घालवायचे, डबा कामाला तरी येतो. म्हणून भांडी बाजारात, लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरणाऱ्या ज्ञानेश्वरकडून त्यांनी आठवीचे शब्द एका डब्याच्या बुडाला कोरून घेतले, तेही मराठी अक्षरांत. तो डबा कपाटात, कोटांच्या मागे असतो. मी विचारलं, हे अखिलला का नाही कळवलं? म्हणाले, त्याने कागदाचं विचारलं होतं. शेव संपली असेल. डबा असू दे तुझ्याकडे. – काकी


जळगाव, १० ऑगस्ट

चि. अखिल,

तुझं कार्ड आलं. या वेळी दोनच शब्द, "आणि डबा?" कोणता डबा? आपल्या घरात डबेच डबे आहेत. तुला हे कोण सांगतं तेही मला कळत नाही. घरात आम्ही तिघं. संयम बोलत नाही, काकीला यातलं काही कळत नाही. मला लीलाधरचा संशय आहे.

दुसरी गोष्ट महत्त्वाची, नीट वाच. काकीने काल जाहीर केलं की पर्युषणात ती अठाई करणार. २१ तारखेपासून आठ दिवस, नुसतं उकळलेलं पाणी. मी म्हटलं, करा, घराचं नाव होईल. मग म्हणाली, "पारण्याला मुगाचं पाणी मी अखिलच्या हातूनच घेणार. तो आला नाही तर नववा उपवास, मग दहावा." मी म्हटलं, मी पाजतो. म्हणाली, तुमचं ऐकून ऐकून पोट भरलेलं आहे.

अखिल, तिला शुगर आहे. डॉक्टर म्हणाले आठ दिवस देखरेखीखाली करा, नववा नको. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. मी घाबरलो आहे म्हणून लिहितो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने कधी हट्ट केला नाही, त्यामुळे ती हट्ट करते तेव्हा काय करायचं हे मला शिकायलाच मिळालेलं नाही.

बाकी तयारी जोरात आहे. तपाच्या प्रभावनेला, म्हणजे येणाऱ्या बायकांना द्यायला, एकशे एक्कावन्न स्टीलचे डबे सांगितले. प्रत्येकावर काकीचं नाव आणि "अठाई तपश्चर्येनिमित्त". ज्ञानेश्वर कोरण्याचा भाव अक्षरावर लावतो. मी "तपश्चर्येनिमित्त"ऐवजी "तपानिमित्त" करून अक्षरं वाचवायला निघालो होतो, काकीने अडवलं. नमुन्याला घरातला एक डबा तिने पाठवला आहे. मी ज्ञानेश्वरला बजावलंय, नाव बदल, बाकी सगळं नमुन्यासारखं पाहिजे, मागचा-पुढचा एक ठिपका चुकला तरी पैसे देणार नाही.

२९ तारखेला सकाळी पारणं आहे. ये.

प्रेमचंद

ता. क. – डॉक्टरांशी मी स्वतः बोलले आहे, काळजी करू नकोस. एक सांगते. माझ्यासाठी म्हणून तुझी अट सोडून येऊ नकोस. तू अट सोडून आलास तर ते पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही. पितांबरच्या घरच्या सुनंदाबाई मला बाजारात भेटल्या होत्या, त्यांनी मला जे सांगितलं ते तुझ्या काकांना अजून कोणी सांगितलेलं नाही. – काकी


जळगाव, २६ ऑगस्ट

चि. अखिल,

काकीचा आज सहावा उपवास. आवाज बारीक झाला आहे, हुकूम पूर्वीसारखेच आहेत.

हे पत्र समाधान ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, धुळ्याला माल घेऊन चालला आहे. तुला एक साधा प्रश्न विचारायचा होता. माझा नाही, एका ओळखीच्या माणसाचा. समज, एखाद्या किल्लीचे बारा शब्द चुकून एकशे एक्कावन्न घरांत गेले. पुढे काय होतं?

जाऊ दे. तुला कळायचं राहणार नाही.

काल तपाची गाणी म्हणायला बायका आल्या, डबे वाटले, सगळ्यांनी नावाजले. सुनंदाबाईंचा डबा काकीने आधीच चोपड्याला पाठवला होता. आज सकाळी ज्ञानेश्वर बिल घेऊन आला. माझ्या हिशोबापेक्षा अक्षरं कितीतरी जास्त. मी म्हटलं, भाऊ, ही काय लूट आहे? तो म्हणाला, "शेठ, बाजूला नाव आणि बुडाला मंत्र, दोन्हीची धरलीत." मी म्हटलं, कसला मंत्र? त्याने नमुन्याचा डबा पिशवीतून काढला आणि माझ्यासमोर उलटा केला.

बुडाला तेच बारा शब्द.

हो, डबा होता. कपाटात होता, मी वापरणार नव्हतो. मला ते शब्द पाठसुद्धा नाहीत, पाठ असते तर डबा कशाला लागला असता? नुसता असावा म्हणून होता. तुला नाही कळणार. माझ्या वडिलांनी मला दुकान दिलं पण गल्ल्याची चावी मरेपर्यंत स्वतःच्या कमरेला ठेवली. मला वाटायचं, मोठा माणूस असाच असतो.

आता सगळीकडे ते शब्द आहेत. जैन स्थानकाच्या ओट्यावर पोरी टाळ्या देत खेळत होत्या, "लेमन, कॅमल, विंडो, पेशंट", आणि शेवटच्या शब्दाला एकीने बाद व्हायचं. एका बाईंनी मला थांबवून विचारलं, पेशंट म्हणजे धीर धरा आणि सायलेंट म्हणजे मौन पाळा, किती सुंदर उपदेश आहे, कोणत्या महाराजसाहेबांचा? मी म्हटलं, धुळ्याकडचे आहेत.

डबे परत मागता येत नाहीत. तपाची वाटलेली वस्तू परत मागितली तर आपल्या नातवंडांच्या लग्नात त्याची चर्चा होईल. आणि कारण काय सांगू? कारण सांगितलं की शब्द कशाचे ते कळलंच.

तू मागे म्हणाला होतास की आठव्या किल्लीने आठवीच काढून टाकता येते, दोन मिनिटांचं काम. मी तसं काही केलेलं नाही. पण समज, कोणी संयमला बसवून डब्यावरचे शब्द टाइप करायला लावले आणि "किल्ली चुकीची आहे" असं आलं, परत केलं, परत तेच, तर त्याचा अर्थ काय? कोणी आधीच आत शिरून कुलूप बदललं का? संयम म्हणतो, असू शकतं. तो हसत म्हणाला, ते मला आवडलं नाही.

उरला तुझा तो सरळ रस्ता. सातांतल्या पाच जणांनी हो म्हणून आठवी कायमची काढायची. म्हणजे मला प्रत्येकाला सांगावं लागणार की ती होती, आणि कागद फाडल्यावरही होती. तू ये आणि तू सांग. तुझं ऐकतात.

प्रेमचंद

ता. क. – तुझ्या काकांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. घरात दोघांचे उपवास चाललेत, पुण्य मात्र माझ्या एकटीच्या खात्यावर. – काकी


जळगाव, २८ ऑगस्ट, संवत्सरी

चि. अखिल,

समाधानने तुझी चिठ्ठी आणून दिली. "मी सांगणार नाही. विचारायचं म्हणजे तुम्हीच विचारायचं. माझं हो टाकलं आहे." बरं. हे पत्र तोच आज परत घेऊन येतो आहे.

मी विचारलं.

संयमचं हो मी विचारायच्या आत पडलं होतं. तुझं आणि माझं धरून तीन. दीपनगरच्या नीलेशला फोन केला, तर त्या पोराने मला तासभर धारेवर धरलं. किल्ली कशाला ठेवली, कोणाला माहीत होतं, अजून काही लपवलंय का. तो तिथे वीज खात्याच्या नोकरीत आहे, त्याला मी काल-परवापर्यंत "बाळ" म्हणत होतो. शेवटी हो म्हणाला. चार. गिरधर चाळीसगावला कालपासून पौषधाचं व्रत घेऊन स्थानकात बसला आहे, फोन वर्ज्य, उद्या उजाडल्यावर सुटणार.

लीलाधरचं ऐक. मी म्हटलं, लीलाधर, हो म्हण. तो म्हणाला, "शेठ, किल्ली तुमच्या हातात आहे तेच बरं. आम्हाला कशाला ही भानगड? माझं नाही." मी समजावलं, रागावलो, हात जोडले. "नाही शेठ, तुमच्यासाठी नाही." या माणसाने जन्मभर मला हो म्हटलं, आणि एकदा खरंच हो पाहिजे होतं तेव्हा प्रेमाने नाही म्हणाला. त्याच्या प्रेमाची मी कधी चौकशी केली नव्हती.

राहिला पितांबर. काल दुपारी गाडी काढून त्याच्या गावी गेलो. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि केळीच्या घडाची दोरी वळत होता. मग म्हणाला, "शेठ, तुम्हीनच सांगं, तापी बठ्ठास्नी शे. मंग माले कोनी इचारं नही." तापी सगळ्यांची, हे सभेत मीच बोललो होतो.

तेवढ्यात सुनंदाबाई आतून आल्या. मला तोवर माहीत नव्हतं, अखिल. मी खातं थांबवलं त्या दिवशी त्या चोपड्याच्या कापडदुकानात होत्या, लेकीच्या, रूपालीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला. साडी पसंत झाली, पिशवीत भरली, मोबाइल दाखवला, तर लाल अक्षरांत आलं, "खाते थांबवले आहे." दुकानात गावातल्याच दोघी होत्या. दुकानदाराने पिशवीतून साडी परत काढून घडी घातली. बाई आणि रूपाली तशाच बसस्टँडवर आल्या. मी तेव्हा इथे गादीवर बसून संयमला म्हणत होतो, बघ, दोन मिनिटांत सरळ होतो की नाही.

सुनंदाबाई हातात आपला डबा घेऊन आल्या होत्या. तो माझ्यासमोर उलटा धरला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "आते ही किल्ली मन्हा डबावर बी शे ना? मंग सांगा शेठ, मी तुम्हनं खातं बंद करू का?"

त्या हसत नव्हत्या आणि रागातही नव्हत्या. उत्तराची वाट बघत होत्या. मी माफी मागितली, त्यांची आणि रूपालीचीही. रूपाली म्हणाली, साडी नंतर दुसरी घेतली, ती जास्त चांगली निघाली. तेवढं म्हणून ती आत गेली.

मी पितांबरला म्हटलं, मग हो म्हणतोस ना? म्हणाला, "इचार करीसन सांगसू." मी म्हटलं, कधीपर्यंत? तर म्हणाला, माझं खातं थांबवलं तेव्हा तुम्ही मला "कधीपर्यंत" सांगितलं होतं का? येताना गाडीत एक केळीचा घड ठेवला. त्याचा अर्थ हो का नाही, यावर मी जळगावपर्यंत विचार केला.

तर चारच झाले आहेत. काकी आत निजून आहे, आठवा दिवस. मी जाऊन विचारलं, अखिल आला नाही तरी उद्या घ्याल ना पाणी? तिने डोळे मिटून घेतले.

दरवर्षी संवत्सरीला मी सगळ्या गावाला क्षमेचा एकच मेसेज पाठवतो, संयम पाठवतो, मी वाचतही नाही. यंदा तुला हाताने लिहितो. मिच्छामि दुक्कडम्. तू अट सोड असं मी म्हणणार नाही. जे करायचं ते मी केलं. आता माझ्या हातात काही नाही. हे वाक्य मी कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं.

प्रेमचंद

ता. क. – मूग भिजत घालायला सांगितले आहेत. – काकी


जळगाव, ६ सप्टेंबर

चि. अखिल,

ब्लॉक काढलास, चांगलं केलंस. तरी पत्रच लिहितो, फोनवर तू मध्ये बोलतोस.

त्या सकाळचा घरात अजून वाद आहे. मी म्हणतो, पितांबरचं हो आल्याचा मोबाइल वाजला आणि मग तू दारात उभा राहिलास. संयम म्हणतो, तू आधी आलास, जिन्यात थांबला होतास आणि मोबाइल वाजल्यावर वर चढलास. काकीला विचारलं तर म्हणते, मी मुगाच्या पाण्याकडे बघत होते. तू काही सांगू नकोस. मला माझं तसंच राहू दे.

आता तक्रार. तू पारण्याचं जेवून संध्याकाळी धुळ्याला गेलास आणि चौथ्या दिवशी तुझ्या त्या नीलेशने नवा नियम मांडला. दर वर्षी एका किल्लीवाल्याने पायउतार व्हायचं आणि त्याच्या जागी नवा घ्यायचा. पहिलं नाव कोणाचं निघालं? माझं. मी नाही म्हटलं. लीलाधर माझ्या बाजूने उभा राहील असं वाटलं, तर त्याने हो म्हटलं. म्हणाला, शेठ, तुमची दगदग बघवत नाही. गिरधरने हो म्हटलं, पौषधातून उठल्यापासून तो सगळ्यालाच हो म्हणतो. एकूण हो सहा, नाही एक. ते एक माझं. स्क्रीनवर तसंच दिसतं आहे, संयमने मला मोठं करून दाखवलं.

माझी किल्ली सुनंदाबाईंकडे गेली. परवा मला एक नियम सुचला, चांगला होता, म्हणून त्यांना फोन लावला. उचलला नाही, बागेत होत्या. संध्याकाळी लावला, म्हणाल्या, "इचार करीसन सांगसू." हे त्या घरात सगळ्यांनाच पाठ दिसतं. मी दुकानात बसून वाट बघितली. गंमत सांगू? लोक येतात, बसतात, गप्पा मारतात. पूर्वी प्रत्येक जण आल्या आल्या घसा खाकरायचा, म्हणजे काहीतरी मागायचं असायचं. आता तसेच येतात. चहा मात्र जास्त लागतो.

धुळ्यात तू तशीच एक पांझरा नावाने काढतो आहेस असं कळलं. सभेला मला बोलव. भाषण मी लिहीन, वाच तू.

एक कोडं मात्र सुटत नाही. डब्यावरची किल्ली चुकीची का निघाली? आता आठवी गेलीच आहे, पण जीवाला लागून राहतं. संयम म्हणतो, काकीच्या तपाचा प्रभाव. असेलही.

प्रेमचंद

ता. क. – चि. अखिल, त्यांना ते कोडं तसंच राहू दे, सकाळी उठून विचार करायला काहीतरी लागतं त्यांना.

तू घर सोडलंस त्याच आठवड्यात मी कपाटातला तो डबा घेऊन ज्ञानेश्वरकडे गेले आणि तस्सा दुसरा करून घेतला. फक्त शेवटचा शब्द बदलला. मूळ डब्यावर "अंकल" होता, मी "आंट" करून घेतला. एवढं इंग्रजी मला येतं. कपाटात तोच ठेवला आणि नमुन्यालाही तोच दिला. तेव्हा एकशे एक्कावन्न घरांत जी किल्ली गेली ती माझी, तिने कुठलंच कुलूप उघडत नाही.

मूळ डब्यात शेव भरून जुलैमध्ये तुला पाठवली होती.

म्हणजे दोन महिने आठवी किल्ली तुझ्या खोलीत होती. तू घरबसल्या ती मोडून टाकू शकला असतास, किंवा रागाच्या भरात तुझ्या काकांचंच खातं थांबवू शकला असतास. डबा उलटा करून पाहिलास की नाही, हे मी तुला कधी विचारणार नव्हते. पण पारण्याच्या दिवशी मुगाच्या पाण्याचा दुसरा चमचा माझ्या तोंडाशी धरून तू हळूच म्हणालास, "घ्या, आंटी." लहानपणापासून काकी म्हणणारा मुलगा तू. तेव्हाच कळलं, "अंकल"ची "आंट" झाल्याचं तुला माहीत आहे, म्हणजे तू दोन्ही डबे उलटे करून पाहिलेस, आणि जुलैपासून गप्प बसलास.

ती किल्ली या घरातल्या दुसऱ्या पुरुषाच्या हातात पडली तर तो काय करतो, एवढंच मला बघायचं होतं. बघितलं. आठ दिवस उपाशी राहिल्याचं मला काही वाटत नाही.

आता माझा डबा परत आण. मेथी ठेवायला डबा नाही. – काकी